आरएक्स१०० कार्बोरेटर : फ्लोट बाऊलचे दोन स्क्रू निघेनात, फुली गोल झालीय

खानापूर_टूस्ट्रोक

नमस्कार मंडळी. यामाहा आरएक्स१०० चा मिकुनी (जपानी कंपनीचा) कार्बोरेटर उतरवून टेबलावर घेतलाय. बाऊलचे (खालच्या पेट्रोलच्या वाटीचे) बाकीचे स्क्रू निघाले, दोन अडकलेत. एकाची फुली (डोक्यावरची खाच) पूर्ण गोल झालीय, दुसऱ्याची निम्मी शिल्लक आहे. स्क्रूच्या बुडाशी पांढरी पावडर दिसते. दोन दिवस डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं, ढिम्म हालत नाहीत. बॉडी मूळची आहे, नवी नकली घालायची नाही, त्यामुळे कान (स्क्रू बसतो तो बॉडीचा भाग) मोडला तर सगळंच गेलं. सध्या हाताशी साधा स्टार डिसमिस, हातोडी, व्हाइस ग्रिप आणि हँड ड्रिल आहे. इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीनं ठोकला की फिरणारा) आणू का? आणि गॅसवर थोडं तापवलं तर चालेल का?

निपाणी_कार्बवाला

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: गॅसवर धरू नका, टॉर्चही लावू नका. मिकुनीच्या जुन्या व्हीएम मालिकेतल्या बॉडी बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. हातात घेतली की आकाराच्या मानानं जड लागते, त्यावरून ओळखा. हा धातू ३८५ अंशांच्या आसपास वितळतो, आणि वितळण्याआधी तांबडा होऊन इशारा देत नाही. बारीक कान आधी जातात. त्यात बाऊलमध्ये पेट्रोल राहिलेलं असलं तर विचारूच नका.

पण उष्णता लागतेच, ती पाण्याची द्या. पेट्रोल पूर्ण काढा, चोक प्लंजर, स्लाइड आणि रबरी भाग बाहेर काढा, आणि उकळत्या पाण्यात कार्बोरेटर दहा मिनिटं बुडवून ठेवा. जस्त स्टीलच्या दुपटीहून जास्त फुगतं. ४ मिलिमीटरच्या स्क्रूवर हा फरक जेमतेम ०.००५ मिलिमीटर भरतो, म्हणजे भोक मोठं होऊन स्क्रू सैल पडेल अशी आशा नको. होतं काय, की आट्यांत बसलेली पांढरी पावडर (जस्ताचा गंजच तो) तडकते आणि तेलाला वाट मिळते. म्हणून एकदा करून भागत नाही. गरम पाणी, पुसणं, लगेच तेलाचे दोन थेंब, गार होऊ देणं, पुन्हा गरम पाणी. असं चार-पाच वेळा.

तेल कुठे सोडता हेही बघा. कार्बोरेटर उलटा ठेवा, म्हणजे बाऊल वर. बाऊलमधलं भोक स्क्रूपेक्षा मोठं असतं, आटे फक्त वरच्या बॉडीत असतात. सरळ ठेवून तेल मारलं तर ते खाली गळून जातं, आट्यांपर्यंत पोचतच नाही. डब्ल्यूडी-४० ओलावा हटवायला बरं, जाम सोडवायला कमजोर. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं हलवून लावा. लावताना परत हलवायचं, दोन्ही वेगळी होतात. अॅसिटोन रबर आणि काही प्लास्टिक खातं, हे लक्षात असू द्या. अॅसिटोन नसलं तर डिझेल आणि धीर.

आता डिसमिसचं. मिकुनीचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाच्या) फुलीचे, बाजारात मिळतो तो फिलिप्स. दिसायला सारखेच. फिलिप्सचं टोक जास्त निमुळतं, ते खाचेच्या तळाला आधी टेकतं आणि बाजूच्या भिंती धरतच नाही. जोर दिला की वर चढतं आणि खाच चाटून नेतं. तुमचा पहिला स्क्रू असाच गेला असणार. व्हेसेल या जपानी कंपनीचा पी२ डिसमिस मागवा. तोवर चालवायचं असेल तर फिलिप्स नंबर २ चं टोक ग्राइंडरवर अर्धा मिलिमीटर सपाट करा, घासताना निळा पडू देऊ नका. निम्मी खाच राहिलेला स्क्रू यानं निघण्याची बरीच शक्यता आहे. टोकाला चिमूटभर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावली की पकड आणखी वाढते. आणि सोडवायच्या आधी केसभर आवळायचा प्रयत्न करा. आवळताना जाम फुटतो, मग उलटं फिरतं.

चिक्कोडी_बुलेट

मोठा अर्धा इंची इम्पॅक्ट ड्रायव्हर इंजिनच्या कव्हरला ठीक. एम४ च्या (४ मिलिमीटर जाडीच्या) स्क्रूवर हातोडा घातलात तर एक तर डोकं तुटेल नाही तर कान. त्यापेक्षा डोक्याएवढ्या जाडीचा सपाट पंच घ्या आणि डोक्यावर सरळ चार-सहा टिचक्या मारा. खाचेची वर आलेली कड आत बसते, डिसमिसला परत धरायला जागा होते, आणि आट्यांना हादराही मिळतो. पंचाखालचा आधार महत्त्वाचा आहे हां. बॉडीचा बोअर लाकडाच्या ठोकळ्यावर बसवा. केबल अॅडजस्टर, चोकची नळी, ओव्हरफ्लोची नळी यांवर कार्बोरेटर टेकला असेल तर पहिल्याच टोल्याला ते वाकणार.

उद्यमबाग_लेथ

वरचं सगळं बरोबर, पण गोल झालेल्या स्क्रूवर एवढा वेळ कशाला घालवायचा? त्याचं डोकं बाहेर आहे ना? बाऊलच्या स्क्रूचं डोकं वाटोळं आणि उघडं असतं, खोल खड्ड्यात नसतं. छोट्या कानशीनं डोक्याच्या दोन्ही बाजू सपाट करा, व्हाइस ग्रिप आडवी न लावता उभी, स्क्रूच्या रेषेत लावा आणि गरम पाण्यातून काढल्या काढल्या फिरवा. निम्मे यातच निघतात. हॅक्सॉनं खाच पाडायची म्हणाल तर एक मिलिमीटरच्या वर जाऊ नका. डोक्याची उंची अडीच-तीन मिलिमीटर, त्यात फुलीनं आधीच मधली जागा खाल्लेली. जास्त खोल खाच पाडली की सपाट डिसमिस फिरवताना डोक्याचे दोन तुकडे.

हेही झालं नाही तर डोकं ड्रिलनं उडवायचं. लोक याला घाबरतात, पण सगळ्यांत कमी जोखमीचा उपाय हाच. फुलीचा मध्य आपोआप सेंटर पंचचं काम करतो. आधी ३ मिलिमीटर, मग ४ मिलिमीटरचा ड्रिल. ड्रिलला तीन मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, त्यापुढे जायचं नाही. डोकं सुटून ड्रिलबरोबर गरगर फिरायला लागलं की थांबा. मग बाऊलला बाजूनं नायलॉनच्या हातोडीनं हलकं टकटक करा. गॅस्केटच्या फटीत डिसमिस घालून उचकटू नका, त्या पृष्ठभागावर चरा पडला की पेट्रोल कायम झिरपणार.

बाऊल निघाला की स्क्रूचा खुंट उभा राहतो, आणि गंमत अशी की बऱ्याचदा तो बोटानं फिरतो. कारण अर्धा जाम डोक्याखालच्या दाबाचा असतो, डोकं गेलं की दाबही गेला. नाही फिरला तर एम४ चे दोन नट घाला, एकमेकांवर घट्ट आवळा, आणि खालच्या नटाला ७ नंबरचा पाना लावून सोडवा. खुंट सहा-सात मिलिमीटर तरी हवा. कमी असेल तर व्हाइस ग्रिप.

बेळगाव_जुन्या_गाड्या

तुरटीच्या पाण्यात उकळा की. तुरटी लोखंड खाते, बाकी धातूला हात लावत नाही. घड्याळं दुरुस्त करणारे मोडलेले स्क्रू असेच काढतात.

निपाणी_कार्बवाला

दादा, घड्याळाची प्लेट पितळेची असते, तिथे ते चालतं. अॅल्युमिनियमवरही जपून चालतं. तुरटीचं पाणी आंबट असतं, आणि आंबटासमोर जस्त लोखंडाच्या आधी विरघळतं. म्हणजे स्क्रू जागेवर राहील आणि बॉडी झिजेल. व्हिनेगर, लिंबू, चिंच, संडास साफ करायचं अॅसिड, सगळ्याला हाच नियम. कॉस्टिक सोडाही नको, तो जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातो.

खानापूर_टूस्ट्रोक

निम्मी खाच असलेला निघाला! टोक घासलेल्या फिलिप्सनं, तिसऱ्या गरम पाण्यानंतर. दुसऱ्याचं डोकं ड्रिलनं उडवलं, बाऊल निघाला, पण दोन नट आवळून फिरवताना खुंट बॉडीच्या तोंडाशी सपाट तुटला. आता ईझी-आउट (मोडका स्क्रू काढायचा उलट्या आट्यांचा खिळा) घालू का?

उद्यमबाग_लेथ

अजिबात नको. एम४ मध्ये बसणारा ईझी-आउट काडीएवढा. जो खुंट दोन नटांना बधला नाही, तो त्याला काय बधणार. आणि तो आत मोडला तर त्याचं स्टील इतकं कडक की साधा ड्रिल त्यावर चालत नाही.

हँड ड्रिलनंही आता थांबा. मोडलेल्या स्टीलचा वरचा भाग वेडावाकडा, भोवती मऊ जस्त. ड्रिलचं टोक घसरून जस्तात शिरतं आणि भोक आंब्याच्या कोयीसारखं लांबट होतं. इथे बाऊललाच जिग (ड्रिल नेमक्या जागी धरणारा साचा) बनवायचं. लेथवर एक बुश (बारीक नळी) काढून घ्या. बाहेरचा व्यास बाऊलच्या भोकात सरकून बसेल एवढा (भोक मोजा, साधारण साडेचार भरेल), आतला २.५ मिलिमीटर. बाऊल परत लावून चांगल्या स्क्रूंनी आवळा, बुश घाला, ड्रिल प्रेसवर २.५ मिलिमीटरचा डाव्या फिरतीचा कोबाल्ट ड्रिल उलट्या दिशेनं चालवा. वेग कमी, तेल भरपूर. डावा ड्रिल मधेच अडकला तर तो खुंटाला बाहेरच फिरवतो, कितीतरी वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर बुश ३.३ चा करून ३.३ नं मारा, मग आट्यांत राहिलेली स्टीलची स्प्रिंगसारखी तार चिमट्यानं आणि टोकदार सुईनं ओढून काढा, आणि एम४, ०.७ पिचचा टॅप हातानं साफ करायला फिरवा. भोक आरपार नसतं, तेव्हा खुंटाची लांबी दुसऱ्या निघालेल्या स्क्रूवरून मोजून ड्रिलवर खूण करा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याकडं बुश म्हणजे दहा मिनिटांचं काम. कार्बोरेटर आणि बाऊल दोन्ही घेऊन जा, नुसतं माप सांगू नका.

आटे गेलेच तर एम४ चा हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घाला. त्याचा टॅप वेगळा येतो, साध्या एम४ टॅपनं होत नाही. एम५ करायचा मोह होतो, पण कानाची भिंत पातळ राहते आणि बाऊलचंही भोक वाढवावं लागतं.

चिक्कोडी_बुलेट

परत लावताना फुलीचे घालूच नका. स्टेनलेसचे एम४ अॅलन बोल्ट, ३ नंबरची की. पुढच्या खेपेला पाच मिनिटांत उघडतं.

निपाणी_कार्बवाला

अॅलनला माझं हो, स्टेनलेसला थोडं थांबा. स्टेनलेस आणि जस्त यांत ओलावा आला की जस्त झिजतं, साध्या झिंक प्लेटिंगच्या बोल्टपेक्षा जास्त. बोल्ट लहान आणि बॉडी मोठी असल्यानं वेग मंद असतो, हे खरं. पण खानापूरचा पाऊस बघता मी झिंक प्लेटेडच घालीन. काही घाला, कोरडा घालू नका. आट्यांना लिथियम ग्रीसचा पातळ हात पुरे. तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) इथे नको, जस्ताच्या शेजारी आणखी एक उलटा धातू कशाला? बोल्टची लांबी जुन्याएवढीच ठेवा. लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, बाऊल आवळला गेल्यासारखा वाटतो आणि गळत राहतो.

आवळायचं दोन न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे अॅलन कीची आखूड बाजू हातात धरून दोन बोटांनी. स्प्रिंग वॉशर चपटा झाला की बास, आणि समोरासमोरचे आळीपाळीनं. जास्त आवळून गळती थांबत नाही, बाऊलची कड वाकते. गळत असेल तर गॅस्केट बदला.

संकेश्वर_स्प्लेंडर

धाग्यातच विचारतो. स्क्रू निघाले, पण पायलट जेट (गाडी हळू चालताना पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं) निघंना झालंय. पितळेची खाच चेमटलीय.

निपाणी_कार्बवाला

पायलट जेट खोल विहिरीत बसलेलं असतं आणि डिसमिस विहिरीच्या भिंतीला घासत तिरका बसतो, म्हणून खाच जाते. सपाट डिसमिसचं पातं कानशीनं असं करा की रुंदी विहिरीत जेमतेम मावेल, जाडी खाचेत घट्ट बसेल, आणि टोकाच्या दोन्ही बाजू समांतर राहतील, पाचरीसारख्या नव्हेत. पेट्रोलचा पिवळा गोंद हा इथला खरा चोर, गंज नव्हे. म्हणून आधी रात्रभर कार्बोरेटर क्लीनरमध्ये ठेवा, मग गरम पाणी, मग डिसमिस. खाच पूर्ण गेली असेल तर डावा बारीक ड्रिल, पण फक्त जेटच्या डोक्यापुरता. त्याच्याखाली बॉडीत पायलटची वाट आहे, तिला ड्रिल लागला तर बॉडी भंगारात. नवं जेट आधी आणून शेजारी धरा आणि त्याच्या डोक्याची उंची बघून ड्रिलवर खूण करा.

बेळगाव_जुन्या_गाड्या

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काढून ठेवा. एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, ते तळाला बसतं आणि पांढरी पावडर आतूनही धरते. एथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं असलं म्हणून काय झालं!