मदत हवी आहे: वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेशंटची माहिती, तुमच्याकडे काय पद्धत आहे?

नमस्कार. मी जीएनएम झालेली नर्स, 11 वर्षं झाली, सध्या तालुक्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पेशंटचे तपशीलही बदललेत, कृपया विचारू नका.

आमच्या वॉर्डचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आधी फक्त ड्युटी लावायला होता, मग डॉक्टर त्यावर ऑर्डरी टाकायला लागले, लॅबवाले रिपोर्टचे फोटो टाकायला लागले, आणि आता त्यात वॉर्डबॉय, मावश्या, मेडिकलवाला, रिसेप्शन, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर सगळे आहेत. दोन महिन्यांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या एकाचा एचआयव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि फोटो थेट ग्रुपवर, नावगावासकट. त्या माणसाला स्वतःला अजून कुणी सांगितलं नव्हतं, काउन्सेलिंग व्हायचं होतं. संध्याकाळी जेवणाचं ताट त्याच्या टेबलावर न ठेवता दाराजवळ स्टुलावर ठेवलेलं. मी बीपी घ्यायला गेले तर विचारतो, "सिस्टर, माझं ताट तिकडं का ठेवलं? माझं काही चुकलं का?" मी ताट उचलून त्याच्यासमोर ठेवलं, पाणी भरून दिलं, पण उत्तर काय देणार. रात्रभर झोप नाही लागली मला.

इनचार्ज सिस्टरांशी बोलले तर म्हणाल्या, स्टाफच्या सेफ्टीसाठी सगळ्यांना कळायला नको का? त्यांची काळजी खरी आहे, पण मला हे पटत नाही. ग्लोव्हज घालणं, सुईला परत टोपण न लावणं, सुया पांढऱ्या डब्यात टाकणं हे प्रत्येकच पेशंटला करायचं असतं, रिपोर्ट निगेटिव्ह आलेला माणूस विंडो पिरियडमध्ये (लागण झालीय पण टेस्टमध्ये अजून दिसत नाही असा काळ) असू शकतो आणि ज्याची टेस्टच झाली नाही त्याचं काय? सुई लागलीच तर पीईपी आहे, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायची औषधं, जितक्या लवकर तितकं चांगलं, 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस. आणि 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्यात पेशंटच्या संमतीशिवाय असं उघड करता येत नाही. उपचार करणाऱ्यांनी उपचारापुरतं एकमेकांना सांगणं वेगळं, ड्रायव्हर काही उपचार करत नाही.

मी फारच मागे लागले म्हणून ठरलं की ग्रुपवर नाव नको, फक्त बेड नंबर टाकायचा. मला वाटलं झालं काम. मागच्या आठवड्यात बेड 4 च्या आजींना खिडकीजवळ 6 वर हलवलं, 4 वर दुसऱ्या बाई आल्या, आडनाव दोघींचं एकच. ग्रुपवर मेसेज, "बेड 4, इन्सुलिन 10 युनिट". ज्युनियर सिस्टर सिरिंज भरून त्या नव्या बाईंजवळ उभी, नशीब की तिने विचारलं "मावशी जेवलात का, शुगर किती होती सकाळी?" तर त्या म्हणाल्या, "अगं मला कुठं शुगर आहे, मी पित्ताच्या खड्यासाठी आलेय." पोरीचे हात थरथरत होते. आणि आता वॉर्डात सगळे म्हणतायत बघा, नावं काढली म्हणून असं झालं.

म्हणून विचारतेय, मोठ्या हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी सांगा, गुप्तताही राहील आणि चूकही होणार नाही असं तुम्ही नक्की कसं करता? आणि मेट्रनना, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य नर्सना, लेखी देऊ का? इनचार्जना डावलल्यासारखं व्हायला नकोय, त्यांनीच मला काम शिकवलंय.

प्रतिसाद 1:
ताई, बेड नंबर ही पेशंटची ओळख नसतेच, तो खाटेचा नंबर. मी ओटीला (ऑपरेशन थिएटरला) आहे. एमटीपीच्या (गर्भपाताच्या) केसमध्ये नियमच आहे की नाव फक्त ॲडमिशन रजिस्टरला, ओटी रजिस्टर आणि केसपेपरवर अनुक्रमांक. तो नंबर त्या बाईचा असतो, ती कुठेही झोपली तरी बदलत नाही. तसाच तुमचा आयपीडी नंबर (ॲडमिट होताना पेशंटला मिळतो तो) वापरा. मनगटावर पट्टी बांधा, त्यावर पूर्ण नाव आणि आयपीडी नंबर, औषध देताना दोन्ही केसपेपरशी जुळवायचं आणि पेशंटलाच नाव सांगायला लावायचं. "तुम्ही अमुक ना?" असं विचारलं तर अर्धे पेशंट नुसतेच हो म्हणतात.

प्रतिसाद 2:
ग्रुपवर ऑर्डर घेणंच बंद करा. आमच्याकडे मेसेज एवढाच, "रिपोर्ट आलाय, फाईल बघा". ऑर्डर केसपेपरवर लिहूनच, अगदीच इमर्जन्सी असेल तर फोनवर, ऐकणाऱ्याने परत वाचून दाखवायचं आणि डॉक्टरांनी नंतर येऊन सही करायची. लेखी नक्की द्या, पण इन्सुलिनचा प्रसंग आधी लिहा, आणि त्या ज्युनियरचं नाव घालू नका.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. पट्ट्यांचं आजच इनचार्ज सिस्टरांशी बोलले, त्या म्हणाल्या अर्ज दोघी मिळून लिहू. आता एकच राहिलं, ग्रुपवरचे जुने फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह झालेत, ते काढून घ्यायला कुणी काही केलं असेल तर सांगा.