डबाबंद मासळी: मुलांना काय शिकवून पाठवायचं?

प्रेषक: ठाणे संपर्क गट

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या मुलांसाठी नौपाड्यात दर वर्षीप्रमाणे स्वयंपाकाचा वर्ग आहे. वरण-भात, पोळ्या, अंडाकरी ठरलं. या वेळी डब्यातले मासे दाखवा, अशी मुलांचीच मागणी आहे. तिकडे ताजी मासळी विद्यार्थ्याच्या खिशाला जड, डबा स्वस्त. दोन पदार्थ नेमक्या मापासकट हवेत. तेलातला डबा घ्यावा की पाण्यातला, तेही लिहा.

---

प्रेषक: ऐरोलीहून

मुलांना सगळ्यात आधी एक गोष्ट सांगा: डब्यातला मासा शिजलेला असतो. डबा सील करून वर प्रेशरखाली शिजवतात, म्हणून तर तारलीचा काटासुद्धा बोटाने चुरता येतो. आपली सवय अशी की मसाला परतला, मासा टाकला, पाणी घातलं आणि दहा मिनिटं उकळलं. डब्यातल्या माशाचा त्यात भुगा होतो. रस्सा आधी पुरता शिजवायचा, मासा शेवटी फक्त गरम करायचा.

दुकानात सार्डिन म्हणजे आपली तारली, मॅकरेल म्हणजे बांगडा, ट्यूना म्हणजे कुपा. कालवणाला तारली किंवा बांगडा, कटलेटला कुपा. कुप्याचं कालवण करू नका. रश्शात कापसाचे बोळे पोहल्यासारखं दिसतं आणि लागतंही तसंच.

तारलीचं कालवण, दोघांना. 125 ग्रॅमचे दोन डबे. एक कांदा बारीक चिरून, लसणाच्या पाचसहा पाकळ्या ठेचून, दीड चमचा आगरी किंवा मालवणी मसाला, पाव चमचा हळद, तीन आमसुलं, अर्धी वाटी नारळाचं दूध (डब्यातलं चालतं). तिरफळं असली तर पाच, काळ्या बिया काढून, किंचित ठेचून. लसूण आणि कांदा लाल होईपर्यंत परता, मंद आचेवर मसाला घाला आणि लगेच दोन चमचे पाणी शिंपडा, नाहीतर मसाला करपतो. मग दीड वाटी पाणी, आमसुलं, तिरफळं. सात-आठ मिनिटं चांगलं उकळू द्या. आच अगदी बारीक करून नारळाचं दूध घाला. यापुढे उकळी आली की ते फाटतं. आता तारल्या चमच्याने अलगद सोडा, झाकण ठेवा, दोन मिनिटांनी गॅस बंद. डाव घालायचा नाही; टोप फडक्याने दोन्ही बाजूंनी धरून गोल फिरवा.

मीठ? घालूच नका. डब्यात असतं, आमसुलातही असतं. गॅस बंद केल्यावर चाखा आणि मगच ठरवा.

टोमॅटो सॉसमधला डबा मिळाला तर आमसुलं वगळा. तो सॉस गोडसर असतो, लसूण दुप्पट लागतो.

---

प्रेषक: घोडबंदर रोडवरून

ऐरोलीच्या काकूंचं कालवण फक्कड, पण दोघांना दोन डबे हा विद्यार्थ्याचा हिशोब नव्हे. आपल्याकडे मूठभर सुकट वांगं-बटाटा घालून घरभर पुरवतात, तेच इथे करायचं. एक डबा तारली, 200 ग्रॅम वांगी, एक मोठा बटाटा. बटाट्याच्या फोडी आणि वांगी मसाल्यावर झाकणावर पाणी ठेवून शिजवा, बटाटा सुरीने सहज चिरला की मासा. दोघांचं जेवण होतं, आणि भाजीही पोटात जाते, जी ही मुलं एरवी खात नाहीत.

तेल की पाणी: तेलातला डबा घेतलात तर ते तेल मोरीत ओतू नका. माशातलं ओमेगा-3 थोडं त्या तेलात उतरलेलं असतं. कांदा त्यातच परता, वेगळं तेल लागत नाही. कुपा मात्र कटलेटसाठी पाण्यातलाच बरा.

डबा महाग की स्वस्त, हे डब्याच्या आकारावर ठरवू नका. लेबलवर निथळलेलं वजन दिलेलं असतं, भाव त्याच्यावर काढा. 185 ग्रॅमच्या कुप्याच्या डब्यात मासा साधारण 130 ग्रॅमच भरतो, बाकी पाणी. इथे ठाण्यात बसून हा उद्योग परवडत नाही, हेही मुलांच्या आयांना सांगा. चेंदणी कोळीवाड्यात किंवा दिवाळे गावात ताजी तारली मिळते तोवर डबा कशाला? जून-जुलैत मासेमारी बंदीच्या दिवसांत एखादा ठीक.

कटलेट: कुप्याचा एक डबा निथळून स्वच्छ सुती फडक्यात घट्ट पिळा. निथळूनही दोन-तीन चमचे पाणी निघतं. कटलेट तव्यावर फुटतात ती याच पाण्यामुळे. दोन मध्यम बटाटे (250 ग्रॅम) सालासकट उकडून, पूर्ण गार करून कुस्करा. गरम बटाटा चिकट होतो आणि मग लोक पाव घालत सुटतात. आलं-मिरची-लसूण वाटण एक चमचा, कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, दोन चमचे पोह्यांची पूड. आठ कटलेट होतात. रव्यात घोळवून मध्यम आचेवर एका बाजूने चार मिनिटं हात लावू नका. कडा तांबूस दिसल्या की उलटा. आतलं सगळं शिजलेलंच असल्याने मिश्रण आधी चाखून मीठ लावता येतं, नवशिक्याला हा मोठा आधार.

---

प्रेषक: नेरुळहून

कॅनिंगमध्ये काम केलं आहे, म्हणून थोडं सुरक्षेचं.

फुगलेला डबा, गळका डबा, उघडताना आतून फवारा उडालेला डबा थेट कचऱ्यात. चाखून बघायचा नाही. बोट्युलिझमचं (बंद डब्यात वाढणाऱ्या जंतूंचं) विष चवीला कळत नाही. पोटाला पोचा असेल तर चालतो, पण शिवणीवर किंवा कडेवर खोल पोचा असेल तर नको.

उघडलेला डबा ओट्यावर राहू देऊ नका. कुपा, बांगडा, तारली या माशांत उबेला हिस्टामिन तयार होतं आणि ते एकदा झालं की कितीही उकळा, जात नाही. जिभेला तिखट चुरचुर, चेहरा लाल, अंगावर पुरळ, डोकं ठणकणं ही त्याची लक्षणं. पुष्कळांना ती माशाची ॲलर्जी वाटते. उरलेला मासा काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून लगेच फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा.

आता एक गंमत. कधी कधी माशात काचेच्या तुकड्यासारखे पारदर्शक खडे सापडतात आणि मुलं घाबरून डबा फेकतात. बहुतेक वेळा ते स्ट्रुव्हाइट असतं: माशातलंच मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट यांचे स्फटिक, निरुपद्रवी. खडा वाटीत घेऊन गरम व्हिनेगर घाला आणि मंद आचेवर ठेवा. काही मिनिटांत विरघळू लागला तर स्ट्रुव्हाइट. काच तशीच राहते. काच निघाली तर डबा आणि बिल जपून ठेवा, दुकानात तक्रार करा.

---

प्रेषक: ठाणे संपर्क गट

काका, रोज कुपा खाल्ला तर चालेल का? काही मुली लग्न करून जात आहेत, गरोदरपणाचंही विचारतात. आणि काटे काढायचे का?

---

प्रेषक: नेरुळहून

रोज नको, पाऱ्यामुळे. मोठा मासा लहानांना खाऊन पारा साठवतो. कुप्याच्या ‘लाइट’ लिहिलेल्या डब्यात बहुधा स्किपजॅक हा लहान जातीचा कुपा असतो, ‘व्हाइट’ म्हणजे अल्बाकोर जातीचा कुपा, त्यात पारा जास्त. अमेरिकेच्या एफडीएच्या सल्ल्याप्रमाणे गरोदर बाईने लाइट आठवड्याला दोन-तीन वेळा खाल्ला तर चालतो, अल्बाकोर एकदाच. एका वेळी सुमारे 110 ग्रॅम. तारलीत पारा अगदी कमी. शंका असेल तिथे तारलीच घ्या.

काटे काढू नका. तारलीचं कॅल्शियम त्यातच आहे, 100 ग्रॅममागे 380 मिलिग्रॅमच्या आसपास. कुस्करून रश्शात मिसळलं की जाणवतही नाही. रक्तदाब असलेल्यांनी लेबलवरचं सोडियम वाचावं आणि पाण्यातला मासा चाळणीत एकदा खळबळून घ्यावा.

---

प्रेषक: ऐरोलीहून

वर्गाला सुती फडकी मी आणते, मोठी चाळणी कोणी तरी आणा. आणि मुलांना रिंगचा डबा उघडायला लावाल तेव्हा झाकण झटक्याने ओढू देऊ नका. शेवटच्या बोटभर भागाशी थांबायचं, डबा आपल्यापासून लांब वळवायचा आणि मग झाकण सोडवायचं. त्या कडेने बोट सुरीसारखं कापतं, शिवाय तेल अंगावर उडतं आणि तो वास दोन धुण्यांतही जात नाही. रिकामा डबा लगेच साबणाच्या पाण्याने धुऊन मगच कचऱ्यात टाका. मायक्रोवेव्हमध्ये तारली गरम करायची नाही: मासा फुटून उडतो आणि वासावरून घरातल्या इतर मुलांशी भांडण होतं.