मदत हवी आहे: डोंगरातल्या शरदातल्या मुक्कामासाठी स्लीपिंग बॅग कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला घेऊन चार दिवस डोंगरात जातोय, मुक्काम साधारण ३००० मीटरवर. दिवसा ऊन असलं तरी रात्री पारा शून्याखाली जाईल, हे धरूनच चाललोय.

घोडं अडलंय स्लीपिंग बॅगवर. पिसांची हलकी, दाबली की एवढीशी होते. पण ओली झाली की ऊब गेलीच. गेल्या वेळी तंबूच्या आतून दव ठिबकलं, पायाकडचा भाग चिंब झाला आणि मी पहाटेपर्यंत पाय पोटाशी घेऊन बसलो. सिंथेटिक ओलीतही बऱ्यापैकी ऊब धरते, पण जड. लेबलवरचा 'कम्फर्ट' आकडा (ज्या तापमानापर्यंत आरामात झोप लागते) बघायचा की 'लिमिट' (ज्या तापमानापर्यंत जेमतेम निभावतं)? मला कम्फर्टच भरवशाचा वाटतो. आणि खालच्या मॅटची आर-व्हॅल्यू (जमिनीची थंडी ती किती अडवते, तो आकडा) ४ पुरेल का? आईला थंडी लवकर बाधते, म्हणून अंदाजावर सोडायचं नाहीये. अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.