मदत हवी आहे: वय ४६, जि.प. शिक्षिका. स्वेच्छानिवृत्ती घेऊन विशेष शिक्षिका व्हावं का?

नमस्कार मंडळी,

मी शाहूवाडी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. डी.एड. करून २००१ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, तेव्हा मानधन महिना ३००० रुपये होतं. २००४ ला कायम झाले, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची आणि जुन्या पेन्शनमधली. मिस्टर पतसंस्थेत आहेत, मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सासूबाई आमच्याकडेच.

खूप थकले आहे. मुलांचा कंटाळा नाही आला, पण त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर अंगात काही उरत नाही. परिपाठ झाला की तांदूळ-डाळ मोजून द्यायची, मग आहाराची चव बघून नोंदवहीत सही, मोबाईलवर आजची संख्या. यू-डायसवर (सरकारी पोर्टलवर) शाळेची माहिती भरणं आहेच. अपार आयडीला (विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकाला) आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही, म्हणून एखाद्या बापाला मजुरी बुडवून तालुक्याला जायला मीच सांगायचं. बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम माझ्याकडे. गुरुजी मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्यावर. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येतात असं आहे, पण ही रोजची माहिती भरायची कामं शाळेचीच म्हणून येतात, त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची?

त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. मला बारा वर्षं आहेत. १५० पैकी ९० गुण अशक्य नाहीत, अभ्यास करेन. पण इतकी वर्षं पहिलीची पोरं वाचती केल्यावर पुन्हा पात्रता सिद्ध करायची, हे मनाला लागलं, खोटं कशाला सांगू.

आता खरं कारण. तिसरीत एक मुलगा आहे. दुकानातला हिशेब तोंडी चटकन सांगतो, पण पाटीवरचं ‘कमळ’ त्याला ‘मकळ’ दिसतं. घरचे म्हणायचे, आळशी आहे. मी ताटलीत रवा पसरून त्याला बोटाने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गिरवायला लावलं, शब्द कापून सुटे केले, एका ओळीखाली पट्टी ठेवून वाचायला दिलं. सहामाहीनंतर त्याने एक अख्खी ओळ न अडखळता वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली, कोणी सांगितलं नसताना. अशी मुलं मला दरवर्षी दिसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली अशी अडचण) आली आहे, पण आमच्याकडे तपासणीला मूल न्यायचं म्हणजे कोल्हापूर गाठायचं, आणि पुढे रोज शिकवणारं माणूस जवळपास नाही. ते काम मला करायचं आहे.

म्हणून विचार असा की स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, विशेष शिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी घ्यावी (त्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही) आणि मलकापुरात छोटं केंद्र काढावं. वीस वर्षांची सेवा झाली आहे, नियमाने तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरणार, म्हणजे पुढच्या बारा वर्षांच्या वेतनवाढींवर पाणी.

शिक्षक बँकेचं घरकर्ज अजून बाकी आहे आणि दोन सहकारी शिक्षिका मला जामीन आहेत. हप्ता चुकला तर त्यांच्या पगाराला हात लागेल. रात्री झोप उडते ती याच विचाराने.

मैत्रीण म्हणते, परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकव. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांचं काम मोठं आहे, पण तिथे बहुतेक जण स्वयंसेवक म्हणूनच शिकवतात. त्यावर घर चालणार नाही. केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेखीचं पद) होण्यात तर मला रसच नाही, कागद आणखी वाढतील.

विचारायचं एवढंच: चाळिशीनंतर विशेष शिक्षणाकडे वळलेलं इथे कोणी आहे का? ग्रामीण भागात पालक फी देतात का, की शाळांशी करार करूनच भागतं? आणि कर्ज चालू असताना स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांनी जामीनदारांचं काय केलं?

अपडेट: सगळ्यांचे आभार. ‘दोन वर्षं बिनपगारी रजा मिळते का बघ’ हा सल्ला पटला, सोमवारी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन विचारते. ‘आधी टीईटी पास हो, मग निर्णय घे’ असंही दोघांनी लिहिलंय. तेही बरोबर आहे, फॉर्म भरणार आहे. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि शिल्लक रजेच्या पैशातून कर्ज फेडून जामीनदार मोकळे करता येतील, असं एका ताईंनी सुचवलं, तो हिशेब मिस्टरांसोबत मांडायला घेतला आहे. फीबद्दल मात्र अजून कोणी बोललेलं नाही. ग्रामीण भागात असं केंद्र चालवणाऱ्यांनी जमाखर्चाचा अंदाज दिला तर फार उपकार होतील, इथे नको वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.