रंगीत घरटी आणि लोंबते फीडर : पाखरांची सोय की आपली हौस?

ओसरीवरचा :
परवा एका स्नेह्यांकडे गेलो होतो. परसात ओळीने आठ घरटी टांगलेली. एकाला लाल कौलं, एकाला कठडा असलेला सज्जा, एकाच्या दारावर चक्क 'सुस्वागतम्'. विचारलं, राहतं कोण? म्हणाले, "अजून कोणी नाही, पण दिसतं झकास ना?"

दिसतं झकास, हे मान्यच. पण ही शोभेची घरटी बहुतेक वेळा माणसासाठी असतात, असं माझं मत आहे. पाखराला कौलांचं काय पडलंय? त्याला अंगाबरोबरचं भोक हवं, आत अंधार आणि कोरडं हवं, आणि मांजराचा पंजा पोचू नये इतकंच. भोकाखाली ती दांडी ठोकलेली असते ना, तिचा मला विशेष राग येतो. झाडाच्या ढोलीखाली कुणी दांडी पाहिलीय? ढोलीत राहणारा पक्षी कडेला नखं रोवून आत सटकतो. दांडीवर निवांत बसून आत चोच घालतो तो कावळा!

दुसरं म्हणजे, येणार कोण याचा विचारच नसतो. बुलबुल झुडपात वाटी विणतो, शिंपी पानं शिवतो, शिंजीर फांदीला पिशवी लोंबवतो. यांना तुम्ही बंगला दिलात तरी ते ढुंकून बघणार नाहीत. घरट्याच्या लाकडी पेटीत शिरतात ते ढोलीवाले : चिमणी, दयाळ, साळुंकी वगैरे. बाकीच्यांसाठी एक दाट झुडूप लावा आणि उथळ ताटलीत पाणी ठेवा. आठ घरट्यांपेक्षा जास्त पाखरं येतील.

दाणेवाली :
पूर्ण असहमत. हौस म्हणजे जणू गुन्हाच! अहो, माणसाला हौस वाटली म्हणूनच तो पाखरांकडे बघायला लागतो. खिडकीबाहेर फीडर, म्हणजे दाणे ठेवायचं टांगतं भांडं, लावेपर्यंत चिमणा आणि चिमणी वेगळे ओळखता येतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आता नराच्या गळ्याखालचा काळा डाग किती गडद आहे यावरून आमच्याकडचे दोन नर मी वेगळे ओळखते. एक दाणे पायाने उधळतो, दुसरा खाली थांबून उधळलेले वेचतो. हे कुठल्या झुडपाने शिकवलं असतं?

आणि फायदा फक्त आपलाच होतो असंही नाही. ब्रिटनमधला 2019 सालचा अभ्यास सांगतो की 1970 च्या दशकापासून तिथल्या बागांतल्या फीडरवर येणाऱ्या जाती वाढत गेल्या. पूर्वी दोन-तीन जातींचाच दबदबा असायचा, आता पंगतीत बरेच जण असतात. तेव्हा सरसकट मोडीत काढू नका.

हातोडी :
भांडण नंतर, आधी टेप घ्या.

लहान रामगंगेला (टिट नावाच्या चिमुकल्या पक्ष्याला) 25 मिलिमीटरचं भोक पुरतं, मोठ्या रामगंगेला 28, चिमणीला 32, मैनेसारख्या युरोपी स्टार्लिंगला 45. चार-पाच मिलिमीटरने फरक पडतो, कारण भोक मोठं झालं की दांडगा आत घुसतो आणि लहान बाहेर. शोभेच्या घरट्याचं भोक 'दिसायला बरं' म्हणून काहीही असतं. लाकूड किमान 15 मिलिमीटर जाड आणि आतून खडबडीत हवं, पिल्लांना धरून वर चढता आलं पाहिजे. आत रंग, व्हर्निश काही नको. तळाला पाणी निथळायला बारीक भोकं पाडा. छप्पर किंवा एक बाजू उघडता आली पाहिजे, नाहीतर साफ कसं करणार? चिकटवून बंद केलेली घरटी सरळ परत करा.

आणि पत्रा! मी एकदा पत्र्याच्या छपराचं छोटंसं घरटं दुपारी उन्हात टांगलं आणि आत स्वयंपाकघरातला थर्मामीटर ठेवला. तासाभराने हात घातला तर पत्रा बोटाला चटका देत होता, आणि पारा बाहेरच्यापेक्षा बराच वर. आत पिल्लं असती तर भाजलीच असती. तोंड दुपारच्या उन्हाकडे आणि पावसाच्या झोडपीकडे नको, एवढं पाळा.

बाकी ओसरीवरचे, पेटी म्हणजे निव्वळ हौस या तुमच्या म्हणण्याशी मी सहमत नाही. उत्तर अमेरिकेत निळा पक्षी, म्हणजे ईस्टर्न ब्लूबर्ड, विसाव्या शतकात फार कमी झाला होता. तो सावरला त्यात लोकांनी कुंपणांवर ओळीने लावलेल्या पेट्यांचा मोठा वाटा आहे. भोक 38 मिलिमीटर, दांडी नाही, रंगरंगोटी नाही. गंमत म्हणजे त्या पेट्या बळकावणारा तिथला गुंड कोण? आपली गरीब बिचारी चिमणी. 1850 च्या सुमारास माणसांनीच तिला ब्रुकलिनमध्ये नेऊन सोडलं होतं.

पाणवठा :
पेट्यांचं राहू द्या, माझं भांडण फीडरशी आहे. दाणेवाली ताई, राग मानू नका.

माझ्याकडे नळीसारखा पारदर्शक फीडर होता. वरून दाणे भरायचे, खालच्या खाचेतून पाखरं खायची. वरचे दाणे संपत, मी पुन्हा भरत असे. पावसाळ्यानंतर एकदा बूड उघडलं तर तळाशी दोन बोटं काळा लगदा. निम्मे दाणे मोड येऊन कुजलेले, आंबूस वास, वर पांढरी बुरशी. चार महिने मी पाखरांना तेच खाऊ घालत होते! वरचे स्वच्छ दाणे बघून मी खूश, आणि खाचा मात्र तळाला.

एकाच खाचेत दिवसभर पन्नास चोची जातात. ट्रायकोमोनास नावाचा परजीवी लाळेतून आणि उष्ट्या दाण्यांतून पसरतो. गळा सुजतो, पाखराला गिळता येत नाही. ब्रिटनमध्ये 2005 पासून हा रोग ग्रीनफिंच पक्ष्यांत पसरला आणि 2021 मध्ये ग्रीनफिंच तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. कधीकाळी बागेत हमखास दिसणारा पक्षी! अमेरिकेतल्या हाउस फिंचचे डोळे सुजवणारी साथ 1994 मध्ये लक्षात आली, तिच्या प्रसारातही फीडरचा हात आहे. आपण पंगत घालतो, पण ताटं घासत नाही.

दाणेवाली :
राग नाही, पण मग ताटं घासा ना! पंगतच बंद करा हा काय न्याय?

मी आठवड्याला फीडर काढते, ब्रशने घासते, गरम पाण्याने धुते आणि पूर्ण वाळला की मगच भरते. ओला भरला की बुरशी ठरलेली. एका दिवसात संपेल तेवढंच घालते. आजारी पाखरू दिसलं, म्हणजे पिसं फुगवून गोळा झालेलं, जवळ गेलं तरी न उडणारं, की फीडर दोन-तीन आठवडे उतरवते. गर्दी पांगली पाहिजे.

'पाखरं आयतोबा होतात' हा आक्षेप येणार, म्हणून आधीच सांगते. विस्कॉन्सिनमध्ये चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्यावर अभ्यास झाला होता, 1988 आणि 1992 मध्ये छापून आला. कडक हिवाळ्यात फीडरवाल्या भागातली 69 टक्के पाखरं तगली, नसलेल्या भागात 37 टक्के. आणि वर्षानुवर्षांचे फीडर काढून घेतल्यावरही तिथली पाखरं इतरांइतकीच तगली. म्हणजे आयतं खाऊन ती पोट भरायचं विसरली नाहीत.

ओसरीवरचा :
कडक हिवाळ्यात, बर्फात. हे शब्द तुम्हीच लिहिलेत. जिथे वर्षभर किडे आणि बिया मिळतात तिथे हा आकडा लावता येईल का?

आणि पिल्लांचं काय? चिमणी मोठी झाली की दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस किडे-अळ्या लागतात. लोक एका हाताने दाणे घालतात आणि दुसऱ्या हाताने गुलाबावर कीटकनाशक मारतात. त्या पिल्लाला कोण पोसणार? मावा पडलेली एक फांदी तशीच राहू द्यायची माझ्या ओळखीत कुणाची तयारी नाही. फीडर विकत घ्यायला मात्र सगळे तयार.

वरचा मजला :
आमच्याकडे फीडर लावला. आठवड्यात चिमण्या दोन, पारवे चौदा. खाली सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बोलणं सोडलं. फीडर काढला, काकू अजून बोलत नाहीत. बाकी चालू द्या.

हातोडी :
वरचा मजला, हसून मेलो. पारवे टाळायचे असतील तर फीडरभोवती चिमणी जाईल पण पारवा जाणार नाही अशी जाळी बसवा आणि खाली थाळी लावा. काकूंवर उपाय नाही.

आणखी एक, कुणी बोललंच नाही म्हणून : काच. फीडर खिडकीपासून एक मीटरच्या आत लावा, नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे. जवळ असला तर दचकलेल्या पाखराला वेग धरायला जागाच मिळत नाही, आपटलं तरी फारसं लागत नाही. मधल्या अंतरात ते पूर्ण वेगाने काचेत प्रतिबिंब दिसणाऱ्या झाडावर जाऊन धडकतं. काचेला धडकून एकट्या अमेरिकेत वर्षाला 36.5 कोटी ते जवळजवळ 100 कोटी पाखरं मरतात, असा 2014 मधला अंदाज आहे. काचेवर बाहेरून पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके लावा. ससाण्याचं एकच काळं स्टिकर लावून काही होत नाही, पाखरं त्याच्या बाजूने जातात.

पाणवठा :
दाणेवाली ताई आठवड्याला घासतात, त्यांना हात जोडून नमस्कार. पण मी स्वतःला ओळखते, पहिला महिना उत्साह आणि मग लगदा. म्हणून मी पाणीच ठेवते. मातीची पसरट थाळी, दोन बोटं पाणी, मधे एक दगड. रोज सकाळी ओतून, घासून पुन्हा भरायची, डासही होत नाहीत. परवा दयाळ येऊन दगडावर उभा राहिला, शेपूट वर, आधी एक पाय बुडवून बघितला आणि मग असा काही फडफडला की थाळी निम्मी रिकामी. दाण्याला दयाळ येत नाही हो, तो किडे खाणारा.

दाणेवाली :
पाण्याचं पटलं, आजच थाळी ठेवली.

आणि ओसरीवरचे, कबुली देते. माझ्याकडेही एक निळं घरटं आहे, भेट आलेलं, तुमच्या भाषेत बंगला. दोन वर्षं रिकामं. हातोडींचं वाचून टेप लावली : भोक 42 मिलिमीटर, खाली दांडी, छप्पर चिकटवलेलं. दांडी पक्कडीने उपटली, तिचं भोक बुजवलं. दारावर 32 चं भोक पाडलेली लाकडी चकती ठोकली. छप्पर सुरीने सोडवून बिजागरी लावली. आतला निळा रंग खरवडताना नखं निळी झाली. उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत, तीन मीटर उंच टांगलं.

आज सकाळी चिमणी दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यातून धागा उपसत होती. चोचीत मिशीसारखा आडवा धरला आणि उडाली. मी श्वास रोखून बघतेय, तर ती माझ्या घरट्यावरून पुढे जाऊन शेजाऱ्यांच्या वीज मीटरच्या खोक्यामागे शिरली.

ओसरीवरचा :
पायपुसणं उचलू नका.