१४ इंची की १६ इंची लॅपटॉप? आधी वॅट बघा
लातूर–संभाजीनगर एसटीने नेण्यासाठी आरटीएक्स ४०६० ही ग्राफिक्स चिप असलेला १४ इंची गेमिंग लॅपटॉप घ्यावा का, असं एकाने विचारलंय. भाऊ, नुसत्या नावावर जाऊ नका. हीच चिप ३५ पासून ११५ वॅटपर्यंत (म्हणजे तिला मिळणारी वीज) मिळते. पातळ मशिनमध्ये कमी वॅटची असली की फ्रेम (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) घटतात. त्यात आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३८-४० अंशांवर, मग प्रोसेसर ९५-१०० ला टेकतो आणि स्वतःच वेग उतरवतो. मागची बाजू दोन सेंटिमीटर उचला, फ्रेम ६० वर बांधा, टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद करा. कूलरच्या दमट झोतात मात्र ठेवू नका (बरेच जण ठेवतात!). रॅम सोल्डर केलेली (बोर्डालाच जोडलेली, नंतर न बदलणारी) असेल तर ३२ जीबी आत्ताच घ्या. वजनात चार्जरची वीटही धरा. १०० वॅटच्या टाइप-सी चार्जरवर गेम पूर्ण ताकदीने चालत नाही. लाईट गेल्यावर बॅटरीवरही तेच.