जबड्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात की खासगीत? तुमचा अनुभव लिहा

माझा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आहे. समोरचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे शिवणाचा दोरासुद्धा मला दातांनी तोडता येत नाही. दोरा काय, घास काय, दाढेखाली धरायचा आणि ओढायचा. वयाच्या 34व्या वर्षापर्यंत वाटत होतं, सगळे असंच करत असतील. दातांच्या साध्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पुढच्या दातांनी घास तोडता येतो का?" मला पटकन उत्तरच देता येईना.

आता दोन सल्ले हातात आहेत. खासगी ऑर्थोडॉन्टिस्ट (वेडेवाकडे दात सरळ करणारे डॉक्टर) म्हणतात, खालच्या दोन उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) काढू आणि ब्रेसेसने पुढचे दात मागे घेऊ, शस्त्रक्रियेची गरज नाही. सरकारी रुग्णालयातले सर्जन म्हणतात, दोष दातांचा नाही, हाडाचा आहे, जबडाच जागेवर आणावा लागेल. पण तुमचा नंबर यायला थांबावं लागेल. ज्यांनी यातला कुठलाही रस्ता धरला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. नकोसे वाटलेले अनुभवही लिहा, मला तेही हवे आहेत.

दोन्ही जबडे, सरकारी रुग्णालय

आधी एक गोष्ट, कारण ती तुमच्यासाठी आत्ताच महत्त्वाची आहे. उपदाढा काढायची घाई करू नका. शस्त्रक्रिया टाळायची असेल तर खालचे पुढचे दात आत ओढतात. शस्त्रक्रिया करायची असेल तर नेमकं उलट: इतकी वर्षं जबड्याशी जुळवून घेत आत कललेले तेच दात आधी बाहेर, सरळ उभे करतात. म्हणजे दोन्ही उपचारांत दात विरुद्ध दिशांना जातात. मधेच विचार बदलला तर केलेलं सगळं उलटं फिरवावं लागतं, आणि काढलेला दात परत येत नाही. निर्णय ब्रेसेस लावण्याआधी व्हायला हवा, तोही ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन दोघे एका खोलीत बसलेले असताना. सरकारी रुग्णालयात मला हे आपोआप मिळालं, तिथे दोघांची एकत्र ओपीडीच होती.

पहिल्या खेपेला मात्र माझं चुकलं. "हनुवटी पुढे दिसते," एवढंच सांगितलं. केसपेपरवर तेवढंच लिहिलं गेलं आणि माझी गणना सौंदर्याच्या उपचारात झाली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा चावता येत नाही, गालाची आतली बाजू सतत दाताखाली येते, 'स' नीट उमटत नाही, हे सगळं सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. चेहऱ्याचं दुःख खोटं नसतं, मी ते वर्षानुवर्षं भोगलंय. पण रांगेत पुढे-मागे ठरतं ते चावणं-बोलणं किती अडतं यावरून.

ब्रेसेस 16 महिने होत्या. त्या काळात चेहरा आणखी बिघडतो, कारण दातांनी झाकलेला जबड्याचा दोष उघडा पडतो. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून लिहितोय. शस्त्रक्रियेत वरच्या जबड्याला आडवा छेद दिला. त्याला ले फोर्ट 1 म्हणतात. रेने ले फोर्ट या फ्रेंच सर्जननी 1901 साली चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांवर मोडतात ते मांडलं, त्यावरून हे नाव. खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंना उभं चिरून सरकवलं. ही पद्धत सर्जन ओबवेगेझर यांनी 1957 मध्ये मांडलेल्या कामातून आलेली आहे. सगळं तोंडाच्या आतून, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण नाही. टायटॅनियमच्या पट्ट्या आत कायमच्या राहिल्या आहेत.

दर वेळी तपासणारे डॉक्टर वेगळे असत, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागे. त्याचा कंटाळा यायचा. मी सगळ्या तारखा एका वहीत लिहून ठेवायचो.

खासगी, झोपेच्या त्रासासाठी

माझा खालचा जबडा लहान, मागे गेलेला. झोपेत श्वास अडायचा, दिवसभर डोकं जड. दोन्ही जबडे पुढे आणले. खासगीत तारीख लवकर मिळाली आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच सर्जन, याचा मोठा आधार होता. विमा कंपनीने आधी "कॉस्मेटिक" म्हणून नाकारलं. झोपेच्या तपासणीचा अहवाल जोडून पुन्हा अर्ज केला तेव्हा मंजूर झालं. सांगितलेल्या खर्चात ब्रेसेस, स्कॅन, पट्ट्या, भूलतज्ज्ञ यांतलं काय धरलंय ते लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं, नंतर फार धावपळ झाली.

15 वर्षांच्या मुलाची आई

आम्हाला एका खासगी ठिकाणी लगेच करून टाका म्हणाले. दुसरं मत घेतलं तर कळलं, की वाढ थांबल्याशिवाय करायची नाही, नाहीतर खालचा जबडा पुन्हा पुढे येतो. मुलग्यांमध्ये तो वयाच्या 18च्या पुढेही वाढू शकतो. आता दरवर्षी बाजूने एक्स-रे काढतो आणि मागच्या वर्षीच्याशी ताडून बघतात. शाळेत त्याला चिडवतात. थांबणं त्याच्यासाठी सोपं नाही, आणि माझ्यासाठीही.

तीन वर्षं झाली, ओठ अजून बधिर

खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते, आणि हाड चिरतात ते तिच्या शेजारीच. बऱ्याच जणांचा बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो. माझी उजवी बाजू परत आली, डावी आली नाही. सर्जननी हे आधी समजावून सांगितलं होतं, सही मीच केली होती. पण कागदावर वाचणं आणि रोज जगणं यात अंतर आहे. आता दात छान जुळतात, नीट चावता येतं. पुन्हा करशील का असं कोणी विचारलं तर मला अजून हो म्हणता येत नाही.

सहा महिन्यांपूर्वी, दोन्ही जबडे

घरी आल्यानंतरचं लिहिते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, त्या दिवसांत आरशात बघू नका. उशा लावून डोकं उंच ठेवून झोपा. वरचा जबडा केला असेल तर नाक शिंकरायचं नाही. लहान मुलांचा मऊ ब्रश, ओठांना व्हॅसलिन, आणि पातळ अन्न द्यायला नळी लावलेली सिरिंज, हे आधीच आणून ठेवा. पहिले सहा आठवडे चावायचं नाही. वजन उतरतं. बोलता येत नव्हतं तेव्हा पाटी-पेन्सिल सगळ्यात उपयोगी पडली.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचलं. उपदाढा काढायची तारीख रद्द केली आहे. खासगी डॉक्टरांना विचारलं, की तुम्ही आणि सर्जन एकत्र बसून मला बघाल का; ते हो म्हणाले. सरकारी रुग्णालयातही नाव लावून ठेवलंय, या वेळी चावण्याचं लिहून घ्यायला लावलं.

डावा ओठ बधिर असलेल्या ताई, तुमचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. बोलताना अडतं का, की फक्त स्पर्श कळत नाही?

तीन वर्षं झाली, ओठ अजून बधिर

बोलताना नाही अडत. पाणी प्यायले की थेंब हनुवटीवरून ओघळतो, ते मला कळत नाही. माझी मुलगी न बोलता रुमाल पुढे करते.